फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून सायकल: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आणि अजिबात घाई नसणाऱ्यांसाठी

आधीच सांगते, मी काही सायकलिस्ट वगैरे नाही. नाशिकची आहे, वय पन्नाशीच्या जवळ, रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन मिसळ खाऊन परत येणाऱ्यांपैकी. माहेरी दिंडोरीकडे द्राक्षबाग, त्यामुळे "तिकडची बाग कशी असते ते एकदा बघायचंय" हे खूळ डोक्यात बरीच वर्षं होतं. शेवटी मी आणि नवरा दोघं गेलो, बरगंडी भागात, बोन गावापासून माकॉंपर्यंत, पाच दिवस, रोज सरासरी २५-३० किलोमीटर. एवढंसं अंतर ऐकून हसू नका, कारण आमचे पाय एकदाही दमले नाहीत, आमची जी काही फजिती झाली ती सगळी घड्याळामुळे झाली. दुकान बंद, किचन बंद, घरमालकीण बाहेर गेलेली. म्हणून खाली जे लिहितेय त्यात किलोमीटर कमी आणि वेळा जास्त आहेत, आणि प्लॅन करतानाही तसाच करा.

१. आधी भाग ठरवा, अख्खा फ्रान्स नको

बोर्दो, आल्सास, लुआर, शॅम्पेन, सगळीकडे द्राक्षं आहेत आणि सगळीकडे सायकल चालवता येते. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी बरगंडीच सांगेन. एक तर बोनपासून सांतनेपर्यंत मळ्यांच्या मधून जाणारा साधारण २२ किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, व्हुआ दे व्हिन्य म्हणतात त्याला, गाड्या जवळजवळ नाहीतच, फक्त ट्रॅक्टर. दुसरं म्हणजे पुढे जिव्री ते क्ल्यूनी हा जुन्या रेल्वेलाइनवर बांधलेला ४४ किलोमीटरचा रस्ता आहे, १९९७ मध्ये सुरू झाला, फ्रान्समधली ही पहिली 'व्हुआ व्हेर्त', म्हणजे गाड्यांना बंदी असलेली हिरवी वाट. रेल्वेलाइन असल्यामुळे चढ नावाला. आणि तिसरं, बोन ते शालॉं या टप्प्यात जवळून लोकल रेल्वे धावते (पुढे क्ल्यूनीच्या वाटेवर नाही), तिथे पाऊस लागला, गुडघा धरला, भांडण झालं, की सायकलसकट गाडीत बसा आणि पुढच्या गावात उतरा.

दीजॉं ते बोन हा वरचा पट्टाही प्रसिद्ध आहे, रोमाने-कॉंती या नामांकित वाइनचा जेमतेम १.८ हेक्टरचा तुकडा तिकडेच. वेळ असेल तर एक दिवस जोडा. आम्ही नाही जोडला.

२. महिना

मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे उशीर झाला तरी अंधाराची भीती नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन चांगलंच लागतं आणि मळ्यात सावलीला झाड नसतं, आपल्यासारखा मांडव तर नाहीच नाही. सप्टेंबर सुंदर, पण तो द्राक्षतोडणीचा काळ, कधी कधी तोडणी ऑगस्टअखेरच सुरू होते. तेव्हा छोट्या गावांतल्या खोल्या आधीच भरलेल्या असतात, आणि वाइन बनवणाऱ्यांना तुमच्याशी बोलायला अजिबात फुरसत नसते. आपल्याकडे फेब्रुवारीत तोडणीच्या ऐन गर्दीत कोणी पाहुणा बाग बघायला आला तर आपण काय तोंड करतो, ते आठवा.

३. व्हिसा, आणि त्यातला सायकलवाल्यांचा खास खड्डा

शेंगेन व्हिसा लागतो. फॉर्म फ्रान्सच्या सरकारी व्हिसा साइटवर भरायचा, मग व्हिसा केंद्रात अपॉइंटमेंट, बोटांचे ठसे, फोटो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, उन्हाळी सुट्टीच्या आधी अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. मोठ्यांची फी ९० युरो, केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

कागदं अशी लागतात:
- पासपोर्ट, गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा, दोन पानं कोरी
- ठरलेल्या मापाचे फोटो
- किमान ३०,००० युरो कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स (सायकल चालवताना पडलात तर पैसे मिळतात का, हे एजंटला तोंडी नाही, लेखी विचारा)
- जाण्यायेण्याचं विमान बुकिंग
- बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याचे कागद
- प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा

हा शेवटचा मुद्दाच तो खड्डा. पॅरिसला जाणाऱ्याचं एक हॉटेल असतं, काम झालं. आपण रोज वेगळ्या गावात, आणि त्यातली एखादी खोली फोनवर ठरवलेली, म्हणजे कागदच नाही. आमचं असंच झालं, एका रात्रीचं बुकिंग फाइलमध्ये नव्हतं, ते माझ्याच लक्षात आदल्या रात्री आलं आणि मग रात्री बारा वाजता कॅन्सल करता येणारं एक हॉटेल बुक करून प्रिंट काढायला शेजाऱ्यांना उठवलं. सोबत एका पानावर तारीख, गाव, मुक्काम, अंतर असा तक्ता जोडा, बघणाऱ्यालाही बरं पडतं.

४. बोनपर्यंत पोचणं

पॅरिसच्या विमानतळावरून आरईआर बी (आरईआर म्हणजे पॅरिसची लोकल) पकडून शातले, तिथून आरईआर ए किंवा डी ने गार द लियों. तिथून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दीजॉं साधारण दीड तास, पुढे लोकल टीईआरने बोन वीसेक मिनिटं. टीजीव्हीचं तिकीट लवकर काढलं की स्वस्त, उशिरा काढलं की डोळे पांढरे. दुसरा पर्याय पॅरिसहून थेट बोनला जाणारी टीईआर, निवांत जाते पण गाडी बदलायची कटकट नाही. इथे नीट बघा, ही टीईआर बऱ्याचदा बेर्सी स्टेशनवरून सुटते. बेर्सी आणि गार द लियों शेजारी आहेत पण एक नाहीत, मधे बॅगा ओढत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. तिकिटावर स्टेशनचं नाव वाचा.

५. सायकल भाड्याने घ्या, घरची नेऊ नका

घरची सायकल खोलून खोक्यात भरून नेणारे महान लोक आहेत, त्यांना नमस्कार. पाच दिवसांसाठी मला तो उपद्व्याप वाटतो. बोनमध्ये भाड्याने चांगल्या सायकली मिळतात, आधी ईमेल करून बुक करा आणि स्वतःची उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. 'व्हेते-से' म्हणजे रस्ता-माती दोन्हीवर चालणारी साधी सायकल, 'व्हे-आ-ए' म्हणजे बॅटरीवाली. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीवाली घ्या, लाज कसली. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डवर रक्कम अडकवून ठेवतात, तेव्हा कार्डाची लिमिट आणि परदेशी व्यवहार चालू आहेत का ते घरून निघतानाच बघा.

सायकल ताब्यात घेताना हे मागा: मागचं कॅरियर, दोन साइड बॅगा (साकोश म्हणायचं), कुलूप, जास्तीची ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान. पंप ट्यूबला बसतो का ते तिथेच लावून बघा. तिकडे बऱ्याच सायकलींना बारीक, लांबट व्हॉल्व असतो, त्याचं टोकाचं नट आधी सैल करायचं, मगच हवा जाते. हे माहीत नसल्यामुळे एका कालव्याच्या काठी आम्ही अर्धा तास पंपाला शिव्या दिल्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे कोणी सांगत नाही. ब्रेक उलटे असतात. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा. फ्रान्समध्ये डाव्या हाताला पुढचा. नवऱ्याने व्होलने गावाच्या उतारावर सवयीने डावा ब्रेक कचकन दाबला, मागचं चाक उचललं गेलं आणि गडी हँडलवर पोट आपटून कसाबसा वाचला. ताबा घेतल्यावर मोकळ्या जागेत दहा मिनिटं फक्त ब्रेक मारायची प्रॅक्टिस करा, लोक बघेनात का.

६. रस्त्याचे नियम

उजवीकडून चालायचं हे ठाऊक असतंच, पण चुकतं ते सकाळी पहिल्यांदा रस्त्यावर येताना आणि डावीकडे वळल्यावर. आम्ही हँडलला लाल दोरा बांधला होता, उजव्या बाजूला. गोल चौकात गाड्या डावीकडून येतात, तिकडे बघा.

गावांत 'उजवीकडून येणाऱ्याला आधी' हा नियम असतो. म्हणजे तुम्ही मोठ्या रस्त्यावरून सरळ चाललात आणि उजवीकडच्या बोळातून कोणी म्हातारबाबा गाडी काढतायत, पाटी वगैरे काही नसेल तर हक्क त्यांचा, आणि ते न बघता येतात. पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभी असलेली पाटी दिसली तर हक्क तुमचा.

कानात इयरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, मोठ्यांना नाही, पण घाला. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चकाकणारं जॅकेट सक्तीचं. आणि दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. वाइनच्या गावातून चाललोय म्हणून पोलीस सूट देत नाहीत.

नकाशावर 'डी' लिहिलेले रस्ते म्हणजे जिल्ह्याचे. ढोबळ हिशोब, डी च्या पुढचा आकडा जेवढा मोठा तेवढा रस्ता बहुतेक शांत. 'एन' रस्त्यांच्या वाटेला जाऊ नका. मोबाइलचा नकाशा कधी कधी मळ्यातल्या दगडगोट्यांच्या वाटेने घुसवतो, तेव्हा हिरव्या-पांढऱ्या सायकलच्या पाट्यांवर जास्त विश्वास ठेवा.

७. आमचे पाच दिवस

*पहिला दिवस, बोन ते सांतने.* निघण्याआधी बोनचं ओतेल-द्यू बघाच. १४४३ मध्ये निकोला रोलॅं नावाच्या चॅन्सलरने गोरगरिबांसाठी स्थापन केलेलं हॉस्पिटल, वर रंगीत कौलांची नक्षी. लोकांनी या हॉस्पिटलला द्राक्षमळे दान दिले, अजूनही दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव होतो. देवस्थानच्या जमिनी असतात ना आपल्याकडे, तसंच काहीसं.

मग पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी-मॉंराशे, शासान्य-मॉंराशे. नावं वाचता येत नाहीत तशी उच्चारली जातात, शेवटचं अक्षर बहुतेक गिळायचं. द्राक्षवाल्या घरातली असल्यामुळे मी तर पहिल्या दहा मिनिटांतच थांबले. वेली कमरेएवढ्याच! हेक्टरी सुमारे १०,००० झाडं, मीटर-मीटरवर, आणि त्यांच्या डोक्यावरून चालणारे उंच टांगांचे ट्रॅक्टर. लाल वाइनला पिनो न्वार, पांढरीला शार्दोने, बाकी जाती नावापुरत्या. कुठे ठिबकची नळी दिसेना. नवऱ्याने दिंडोरीला मामांना व्हिडिओ कॉल लावला, मामांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "एवढीशी झाडं, यांना परवडतं कसं?"

परवडतं त्याचं कारण उतारावर आहे. आपल्याकडे वावरांना नावं असतात, चिंचेचं वावर, माळाचा तुकडा, कागदावर मात्र गट नंबर. इथे त्या तुकड्याचं नावच बाटलीवर येतं, त्याला क्लिमा म्हणतात, आणि २०१५ मध्ये हे क्लिमा युनेस्कोच्या वारशात गेले. खाली सपाटीला, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत साधी वाइन, थोडं वर गावाच्या नावाची, त्यावर प्रिमिए क्रू, आणि उताराच्या मध्याला, जिथे चुनखडी, निचरा आणि सकाळचं ऊन जमून येतं, तिथे ग्रॉं क्रू, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. मॉंराशेचा ग्रॉं क्रू तुकडा जेमतेम आठ हेक्टर, आणि रस्त्यापलीकडचं वावर, जे आपल्याला डोळ्यांनी अगदी तसंच दिसतं, त्याची बाटली कितीतरी स्वस्त. सायकलवरून जाताना हे पायांना कळतं, चढ लागला की किंमत वाढली.

सक्त सूचना: मळ्यात शिरायचं नाही, द्राक्ष तोडायचं नाही, एक मणीसुद्धा नाही. आणि फवारणी चालू दिसली की लांब थांबा, वारा कुठून येतोय बघा. हे बागायतदाराच्या मुलीला सांगावं लागलं नाही, पण एक जोडपं फोटो काढत ढगात उभं होतं.

*दुसरा दिवस, सांतने ते शालॉं-सुर-सोन.* शान्यी गावापासून कालव्याच्या काठाने, सपाट. हा युरोव्हेलो ६ या लांबलचक मार्गाचा तुकडा. शालॉं हे फोटोग्राफीचा जनक निसेफोर निएप्सचं गाव, त्याच्या नावाचं म्युझियम नदीकाठी आहे.

*तिसरा आणि चौथा, शालॉं ते सां-जांगू, मग कॉर्मातॅं, क्ल्यूनी.* जुन्या रेल्वेचे प्लॅटफॉर्म, स्टेशनच्या इमारती तशाच दिसतात. कॉर्मातॅंला वाडा (म्हणजे शातो) आहे. क्ल्यूनीचा मठ ९१० मधला, एकेकाळी त्याचं चर्च अख्ख्या ख्रिस्ती जगात सगळ्यात मोठं होतं, क्रांतीनंतर दगड विकून टाकले, आता थोडासाच भाग उभा आहे.

*पाचवा, क्ल्यूनी ते माकॉं.* वाटेत ब्वा-क्लेरचा जुना रेल्वे बोगदा, १.६ किलोमीटर. बाहेर घाम आणि आत फ्रिज, जॅकेट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. हिवाळ्यात वटवाघळांसाठी बोगदा बंद असतो, मग डोंगरावरून जावं लागतं. माकॉंहून टीईआरने सायकलसकट बोनला परत. सायकलचं चिन्ह असलेला डबा शोधायचा, साइड बॅगा आधीच काढून हातात घ्यायच्या.

मोठ्या बॅगा आम्ही बोनच्या हॉटेलातच ठेवल्या होत्या, पहिली आणि शेवटची रात्र तिथेच काढणार म्हटल्यावर त्यांनी आनंदाने ठेवल्या.

८. पोट (आणि घड्याळ)

दुपारचं जेवण १२ ते २. दोन वाजून पाच मिनिटांनी गेलात तर किचन बंद, विनवण्या करून उपयोग नाही. रात्री सातच्या आधी काही उघडत नाही. याच १२ ते २ मध्ये छोटी दुकानं, टुरिस्ट ऑफिसं, कधी कधी औषधाचं दुकानही बंद. रविवारी दुपारनंतर सामसूम. आणि सोमवार! रविवारचा धसका घेऊन आम्ही सगळी तयारी केली होती, सोमवारी मात्र बेकरीसुद्धा बंद, रेस्टॉरंट बंद, तेव्हा रस्त्याकडेच्या बाकावर बसून घरून नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीसोबत कोरडे ब्रेड खाल्ले. चटणीने लाज राखली. नियम असा की सकाळी नऊलाच बेकरीतून दुपारचं उचलून बॅगेत टाकायचं.

घरून काय न्यायचं? चटणी, मेतकूट, भाजके चणे, चहाचा मसाला चालतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच.

शाकाहारींसाठी: नुसतं "व्हेजितारियां" म्हणून थांबू नका, "सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों" म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको, बेकनचे तुकडे नको. हे लार्दों सॅलडमध्ये, अंड्याच्या पदार्थांत, किशमध्ये, कुठेही निघतात. अंडं चालत असेल तर सेफ म्हणजे गुजेर (चीजचे पोकळ गोळे, गरम असताना चार खाल्ल्याशिवाय थांबता येत नाही), ऑम्लेट, भाजलेलं बकरीच्या दुधाचं चीज घातलेलं सॅलड.

पाणी: हॉटेलात "काराफ दो" मागा, नळाचं पाणी फुकट मिळतं. गावात नळ सापडत नसेल तर कब्रस्तानात जा. खरंच. फुलांना पाणी घालायला तिथे बहुतेक नळ असतोच. "ओ नॉं पोताब्ल" अशी पाटी असेल तर मात्र प्यायचं नाही.

९. मुक्काम

'आक्योई व्हेलो' हे चिन्ह असलेली ठिकाणं शोधा, सायकल ठेवायला बंद जागा, दुरुस्तीचं सामान तिथे असतं. घरगुती खोल्यांना शांब्र दोत म्हणतात, नाश्ता बहुतेक त्यातच. पण रिसेप्शन नसतं, घरमालकीण सांगितलेल्या वेळेलाच भेटते. पाचला पोचतो सांगून साताला पोचलो तेव्हा दाराला कुलूप, बाई नातवाला आणायला गेलेल्या. उशीर होणार असेल तर मेसेज टाका, फ्रेंचमध्ये भाषांतर करून टाका. रात्रीचं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशीच सांगावं लागतं.

१०. वाइन चाखायची असेल तर

आधी फोन किंवा ईमेल करून जा, छोट्या घरांत आयत्या वेळी दार वाजवलेलं आवडत नाही. आत शिरताच बॉंजूर, त्याशिवाय प्रश्न विचारायचा नाही, हे बेकरीपासून रेल्वेपर्यंत सगळीकडे लागू. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, थुंका, अपमान वगैरे होत नाही, उलट समजतं की तुम्हाला अजून सायकल चालवायचीय. बाटल्या वाटेत विकत घेऊ नका, एकेक भरून सव्वा-दीड किलो असते. शेवटी बोनला घ्या. भारतात येताना माणशी २ लिटर ड्युटी-फ्री, त्यामुळे माझ्या वाट्याला आल्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, एक मामांना दिली. मामांनी चाखली, तोंड वाकडं केलं, म्हणाले आंबट आहे, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की त्या झाडाच्या काड्या मिळतात का.

११. शेवटचं किरकोळ

इमर्जन्सी ११२. औषधाचं दुकान म्हणजे हिरवा क्रॉस. गादीची सायकल पॅंट दोन, पातळ रेनकोट, सनस्क्रीन, पॉवर बँक, आणि प्लगचा अडॅप्टर, कारण तिकडच्या सॉकेटमध्ये एक पिन बाहेर आलेली असते आणि आपला तीन पिनांचा प्लग काही केल्या बसत नाही. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, मळ्यांमध्ये रेंज जाते. इन्शुरन्सची आणि पासपोर्टची झेरॉक्स दोघांच्या बॅगेत वेगवेगळी ठेवा. शनिवारी बोनला असाल तर सकाळचा बाजार चुकवू नका, दुपारी एकनंतर गेलात तर फक्त रिकाम्या पेट्या आणि झाडू मारणारी गाडी दिसेल.